खिळ्यावरचा बॅज

बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही, आणि आज लिहायला बसले ती चक्क भौतिकशास्त्रावर! मी बी.ए. झालेली, तेही मराठी माध्यमातून, आणि एकतीस वर्षं शाळेत शिकवला तो इतिहास. तेव्हा विज्ञानवाल्यांनी सांभाळून घ्यावं. पण मी सांगणार आहे तो इतिहासच आहे. एका लहानशा वस्तूचा.

तर झालं असं, की परवा वहिनीकडे माळा आवरत होतो. दादाला जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली, पण त्याची पत्र्याची ट्रंक कुणी उघडली नव्हती. त्यात जुन्या पावत्या, एक बंद पडलेलं घड्याळ, आणि एका रुमालात गुंडाळलेली चपटी डबी निघाली. मागे खिशाला अडकवायची क्लिप, आणि आत धातूचे छोटे छोटे चौकोनी तुकडे बसवलेले. वहिनी म्हणाली, "अगं, हा त्यांचा बॅज!"

दादा पुण्यातल्या एका रुग्णालयात क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ होता. १९६३ मध्ये लागला आणि १९९८ मध्ये निवृत्त झाला. मी तेव्हा शाळेत होते, आणि दादा 'माणसाच्या आतले फोटो काढतो' याचा मला कोण अभिमान! त्याच्या छातीवरचा तो बॅज मला पोलिसाच्या बिल्ल्यासारखा वाटायचा. त्यात कागदात गुंडाळलेली एक फिल्म असते, ती ठराविक मुदतीनं मुंबईला जाते, तिकडे धुतात आणि ती किती काळी झाली त्यावरून याच्या अंगावर किती किरणं पडली ते कळतं, एवढं त्यानं मला सांगितलं होतं.

या फिल्मची गोष्ट जुनी आहे. रोंटगेनला १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण सापडले. पुढच्याच वर्षी पॅरिसला बेक्वेरेलनं युरेनियमचे क्षार काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर ठेवले आणि काच आपोआप काळवंडली. एका काचेवर त्यानं मध्ये तांब्याचा क्रूस ठेवला होता, त्याची सावली तेवढी उमटली. मला हे चित्र फार आवडतं. किरणोत्साराचा जगातला पहिला पुरावा हा आकडा नव्हताच, ते एक चित्र होतं. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या सुरुवातीच्या काळात मात्रा (डॉक्टर मंडळी आणि दादाही 'डोस' म्हणायचे) मोजायची कशी, तर कातडी लाल झाली की पुरे झालं! एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली यंत्र तपासताना आपलाच हात समोर धरायचा. आधी हात गेले, मग १९०४ मध्ये तोही गेला. एडिसननं त्यानंतर क्ष-किरणांचा नाद सोडला म्हणतात. जर्मनीत हॅम्बुर्गला १९३६ मध्ये अशा लोकांचं स्मारक उभारलं, त्यावर सुरुवातीलाच दीडशेहून अधिक नावं होती. त्यांत डॉक्टर, तंत्रज्ञ, परिचारिका. दादाच्याच धंद्यातले.

पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या सुमारास, शिकागोला अणुबॉम्बच्या कामावरच्या लोकांसाठी अर्नेस्ट वोलन या भौतिकशास्त्रज्ञानं फिल्मचा बॅज रीतसर वापरात आणला. आपल्याकडे ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. अणुभट्टीतली माणसं आणि देशभरातल्या इस्पितळांतली दादासारखी माणसं, सगळ्यांच्या फिल्मा मुंबईलाच जायच्या.

आता ते धातूचे तुकडे. फिल्म नुसती काळी झाली तर किरणं आली एवढंच कळतं. मंद होती की जोरकस, ते कळत नाही. म्हणून फिल्मवर एका ठिकाणी तांबं, एका ठिकाणी शिसं, एका ठिकाणी प्लॅस्टिक, आणि एक खिडकी मोकळी. मंद किरण शिशाखाली पोचत नाहीत, जोरकस पोचतात. कुठल्या तुकड्याखाली किती काळं झालं याची तुलना केली की किरणांची जात ओळखू येते. म्हणजे प्रत्येक फिल्मवर बेक्वेरेलच्या क्रूसासारखीच सावली!

या सावलीचा एक किस्सा दादा रंगवून सांगायचा. एकदा त्याच्या फिल्मचा आकडा भलताच वाढला आणि मुंबईहून विचारणा आली. पण पत्रात असंही होतं की फिल्मवरच्या तुकड्यांच्या कडा फार रेखीव उमटल्या आहेत, तेव्हा हा बॅज अंगावर नसताना एका जागी स्थिर पडून राहिला होता का ते पाहावं. आणि खरंच, बॅज खिशातून निसटून यंत्राच्या खोलीत पडला होता, दोन दिवसांनी झाडताना सापडला! माणूस हलतो, वळतो, वाकतो, त्यामुळे त्याच्या फिल्मवर कडा पुसट होतात. पडलेल्या बॅजवर त्या सुरीनं कापल्यासारख्या उमटतात. "मुंबईत बसून त्यांना कळलं गं, की मी तिथे नव्हतो," असं दादा म्हणायचा, आणि त्याच्या आवाजात शाबासकी असायची.

पण फिल्मला आपली हवा मानवत नव्हती. उकाडा आणि दमट हवेत ती आपोआप काळवंडते, नाहीतर उमटलेलं फिकट होतं. कोकणातल्या इस्पितळातली फिल्म जुलै महिन्यात काय सांगणार, तुम्हीच विचार करा.

मग आला दुसरा बॅज, टीएलडी. हा फिल्मचा नव्हे, तर खड्यांच्या तापून उजळण्याचा. याची हकीगत तर फारच गमतीची आहे. १६६३ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट बॉइलनं (आपल्या शाळेच्या पुस्तकातला बॉइलच्या नियमाचा तोच) एक हिरा अंथरुणात घेऊन अंगाशी धरला, आणि ऊब लागताच तो अंधारात मिणमिणला. काही स्फटिक किरणांची ऊर्जा आत कोंडून ठेवतात आणि तापवलं की उजेडाच्या रूपानं परत देतात. जितका डोस, तितका उजेड. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात फॅरिंग्टन डॅनियल्स यांनी हे डोस मोजायला वापरता येईल असं सुचवलं. १९६८ च्या सुमारास जपानमध्ये यामाशिता आणि सहकाऱ्यांनी कॅल्शियम सल्फेटमध्ये किंचित डिस्प्रोसियम मिसळून फारच संवेदनशील पदार्थ केला. आणि १९७४ मध्ये आपल्या भाभा केंद्रातले नंबी, बापट आणि गांगुली या तिघांनी कॅल्शियम सल्फेटमध्ये अशी वेगवेगळी दुर्मीळ मूलद्रव्यं मिसळली तर काय होतं यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याचा उल्लेख अजूनही जगभर होतो. आपण मात्र त्यांची नावं कधी ऐकलेली नसतात. मी तरी नव्हती ऐकली.

कॅल्शियम सल्फेट म्हणजे काय, तर जिप्सम आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्याच कुळातला पदार्थ! म्हणजे दादा ज्या मोडक्या हाताचा फोटो काढायचा, त्या हाताला शेजारच्या खोलीत जे प्लॅस्टर घालायचे, त्याचाच भाऊबंद दादाच्या छातीवर लटकत होता.

१९७५ पासून हळूहळू फिल्म जाऊन आपल्याकडे हे बॅज आले. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर टेफ्लॉनमध्ये घातलेल्या या पदार्थाच्या तीन चकत्या, साधारण शर्टाच्या मोठ्या बटणाएवढ्या. एकीवर तांबं-ॲल्युमिनियमचा पडदा, एकीवर प्लॅस्टिक, एक मोकळी. क्ष-किरणवाल्यांनी तो शिशाच्या ॲप्रनच्या आत, छातीशी लावायचा. तीन महिन्यांनी चकत्या प्रयोगशाळेत जातात, तीनशेएक अंशांपर्यंत तापवतात आणि निघालेला उजेड मोजतात. मग त्याच चकत्या पुन्हा वापरायला मोकळ्या. स्वस्त, टिकाऊ, आपल्या हवेत चालणारा. पुढे हे काम मान्यता दिलेल्या खासगी प्रयोगशाळांकडेही गेलं, आणि आज देशभर लाखांवर माणसं असे बॅज लावून काम करतात. ही व्यवस्था आपल्या माणसांनी इथेच उभी केली, याचं कौतुक करावं तितकं थोडं.

पण एक गोष्ट गेली. चित्र गेलं. चकती तापवली की तीन महिन्यांची एकच बेरीज हाती येते. ती मंगळवारी दुपारी एका दमात पडली की रोज थोडी थोडी, अंगावर पडली की जमिनीवर, हे ती फिल्मसारखं दाखवत नाही. तीन चकत्यांच्या तुलनेतून थोडाफार अंदाज बांधतात, पण तो अंदाजच.

आणि इथेच दादाची गोष्ट अवघड होते.

लहान मुलांचा फोटो काढताना मूल स्थिर राहत नाही. आई घाबरलेली असते. मग कुणीतरी धरावं लागतं, आणि धरायचा दादाच. नियमानं तंत्रज्ञानं धरायचं नसतं, पण रांग बाहेरपर्यंत गेलेली असायची. ऐंशीच्या दशकात कधीतरी त्याच्या एका सहकाऱ्याचा आकडा जास्त आला. चौकशी झाली, साहेब ओरडले, आणि सहकाऱ्याला काही महिने दुसरीकडे बसवलं. त्याचे ओव्हरटाइमचे पैसे बुडाले. घरी तीन मुलं. त्यानंतर त्या विभागातल्या सगळ्यांचे बॅज बाहेरच्या व्हरांड्यात, रजिस्टरच्या टेबलामागे एका खिळ्यावर टांगलेले असायचे. हे मला दादानं निवृत्त झाल्यावर सांगितलं, हसत हसत. "माझा रेकॉर्ड बघ, स्वच्छ आहे, शून्य!"

२००४ मध्ये तो रक्ताच्या आजारानं गेला. मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते भले गृहस्थ होते, म्हणाले, या वयात हा आजार कुणालाही होतो, त्याच्या कामामुळे झाला असं म्हणता येत नाही आणि नाही झाला असंही म्हणता येत नाही. डोसची नोंद पाहिली तर काहीच नाही. मी इतिहासाची शिक्षिका. अस्सल कागद हाती असावा आणि तो खोटा असावा, याहून वाईट काय!

असो.

तर तो बॅज मी दादाच्या नातीला दाखवला. ती जर्मनीत शिकते, चिपचे आराखडे करायला. मला आत्याआजी म्हणते. व्हिडिओवर डबी बघून ती उडालीच. म्हणाली, "आत्याआजी, मी जे शिकतेय ना, ते याचंच पुढचं!" मग दोन रविवार तिनं माझी शिकवणी घेतली. मला समजलं तेवढं सांगते.

जिनिव्हाजवळ सर्न नावाची कणभौतिकीची मोठी प्रयोगशाळा आहे. तिथे कणांच्या टकरी टिपायला सिलिकॉनचे बारीक चौकोनांचे शोधक करत होते. त्या चौकोनाला पिक्सेल म्हणायचं, आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात असतात तसे. नव्वदच्या दशकात तिथल्या काही जणांना वाटलं की हीच युक्ती इस्पितळात का वापरू नये? मायकेल कॅम्पबेल त्यांच्यातले पुढारी. त्यांनी मेडिपिक्स नावाची चिप केली. पहिलीत ६४ गुणिले ६४ चौकोन होते. दुसरीत २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ चौकोन, आणि सगळे मिळून जेमतेम १.४ सेंटिमीटर बाजूच्या तुकड्यात. एकेक चौकोन ५५ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीइतका समजा.

यातली खरी करामत ऐका. वर सिलिकॉनचा पातळ थर, खाली चिप, आणि दोन्हींना जोडायला चौकोनागणिक सोल्डरचा एकेक सूक्ष्म थेंब. वरच्या थरात किरण शोषला गेला की त्याच्या ऊर्जेच्या प्रमाणात थोडा विद्युतभार सुटतो, तो थेंबातून खाली येतो. खाली प्रत्येक चौकोनाला स्वतःचा वर्धक, स्वतःचा उंबरठा आणि स्वतःचा गणक. मेडिपिक्सच्या दुसऱ्या चिपमध्ये एकेका चौकोनात पाचशेच्या आसपास ट्रान्झिस्टर आहेत. भार उंबरठ्याच्या वर असेल तर एक मोजायचा, खाली असेल तर ती यंत्राची स्वतःची कुजबुज समजून सोडून द्यायची. मी म्हटलं, "म्हणजे हजेरी! 'उपस्थित' असं मोठ्यानं म्हणेल त्याचीच खूण, मागच्या बाकावरची कुजबुज धरायची नाही." ती म्हणाली, "अगदी! फक्त पासष्ट हजार वर्ग, आणि प्रत्येक बाईंचे कान थोडे वेगळे. म्हणून प्रत्येकीचे कान जुळवून घ्यायचे, तेच आमचं किचकट काम." शिवाय जी चिप किरण मोजते तिलाच किरण इजा करतात. म्हणून सर्नच्या लोकांनी ट्रान्झिस्टरचा आकारच बदलून कडीसारखा गोल केला, भार गळू नये म्हणून. मोजणाऱ्याचं स्वतःचं रक्षण ही डॅलीपासूनची अडचण चिपलाही चुकली नाही!

२००६ मध्ये आलेल्या टाइमपिक्स चिपमध्ये चौकोनाला वेळही कळू लागली, आणि भार उंबरठ्यावर किती वेळ टिकला यावरून ऊर्जाही. २०१२ मध्ये नासानं अशा पाच चिपा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पाठवल्या. पेन ड्राइव्हसारख्या संगणकाला लावायच्या. आपले शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये राहून आले ते हेच स्थानक. २०२२ मध्ये चंद्राला वळसा घालून आलेल्या आर्टेमिस यानातही याच जातीची मापकं होती.

नातीनं मला या चिपनं टिपलेलं चित्र दाखवलं आणि मी बघतच राहिले. काळ्या पाटीवर ठिपके, ते क्ष-किरणांचे. वेड्यावाकड्या अळ्या, त्या इलेक्ट्रॉनच्या. गोल गरगरीत ठिगळं, ते अल्फा कण. आणि एखादी सरळ रेघ, ती अंतराळातून आलेल्या कणाची. म्हणजे बेक्वेरेलच्या काचेवरचं, दादाच्या फिल्मवरचं, टीएलडीनं घालवलेलं चित्र परत आलं होतं! आणि येताना घड्याळ घेऊन आलं होतं.

तत्क्षणी आकडा सांगणारी मापकं आधी नव्हती असं नाही. खिशातल्या पेनासारखी नळी असायची, नंतर इलेक्ट्रॉनिक मापकंही आली. पण एकेक किरण वेगळा धरून त्याची जात ओळखणं हे नवीन. खास डोससाठीच सर्ननं आणि जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठानं मिळून डोसपिक्स नावाची चिप केली. तिच्यात चौकोन कमी, १६ गुणिले १६, पण प्रत्येकात ऊर्जेप्रमाणे सोळा कप्पे. पोस्टात पत्रं लावायची फडताळं असतात ना, तसे. किरण आला की ऊर्जा बघून योग्य कप्प्यात एक आकडा.

कप्पे कशाला? कारण सिलिकॉन म्हणजे माणसाचं मांस नव्हे. आपल्या शरीराच्या मानानं सिलिकॉनचा अणू जड, आणि जड अणू मंद क्ष-किरण फार हावरटपणे शोषतात. तेव्हा मंद किरणांचा आकडा फुगतो. कॅल्शियम सल्फेटचीही हीच खोड, म्हणून तर चकतीवर तांब्या-ॲल्युमिनियमचा पडदा. जे काम दादाच्या बॅजमध्ये धातूचे तुकडे करत होते, ते आता कप्पे करतात. प्रत्येक कप्प्याला आपला गुणक लावायचा आणि बेरीज करायची. मी डबीतले तुकडे हातात धरून हे ऐकत होते, आणि पहिल्यांदा मला भौतिकशास्त्र इतिहासासारखं वाटलं.

सगळं सुटलं असंही नाही. इस्पितळातलं यंत्र क्षणभरात एवढा मारा करतं की एकावर एक किरण येऊन आदळतात आणि गणक गोंधळतो. खूप मुलं एकदम 'उपस्थित' ओरडली तर बाई तरी काय करणार? शिवाय चिपला वीज लागते, पैसा लागतो. आपल्या तालुक्याच्या इस्पितळात चकतीच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी नातीला म्हटलं, हे सगळं तिकडचंच. तर ती म्हणाली, "तुमच्या आयुकात विचारा!" आणि खरंच की. २८ सप्टेंबर २०१५ ला इस्रोनं ॲस्ट्रोसॅट सोडला, त्यातल्या एका उपकरणाच्या कामात मुंबईच्या टीआयएफआरबरोबर आपली पुण्याची आयुकाही होती. त्यात ६४ तुकडे, प्रत्येकात २५६ चौकोन, म्हणजे १६,३८४ पिक्सेल! सिलिकॉनऐवजी कॅडमियम-झिंक-टेल्युराइड, कारण त्यांना ताऱ्यांचे जोरकस क्ष-किरण धरायचे होते. डोस मोजायला नव्हे, पण घराणं तेच, एकेक किरण वेगळा मोजायचा. त्याच उपग्रहावर एक वेगळा पहारेकरी आहे. भारित कणांचा मारा वाढला की तो इशारा देतो, म्हणजे बाकीची उपकरणं मिटून घेता येतात. नारळीकर सरांनी उभ्या केलेल्या या संस्थेत मी दोनदा विज्ञान दिनाला जाऊन आले होते, शाळेची मुलं घेऊन. हे कधी विचारायचं सुचलं नाही.

शेवटी मी तिला माझा प्रश्न विचारला. दादाकडे अशी चिप असती तर?

ती जरा थांबली. म्हणाली, "व्हरांड्यातल्या खिळ्यावरची चिप ओळखता आली असती, आत्याआजी. दिवसभरात यंत्र पन्नास वेळा चालू झालं आणि हिला एकदाही काही दिसलं नाही, वेळेसकट. नुसत्या वरून येणाऱ्या रेघा. मग कुणीतरी विचारलं असतं."

"आणि सहकाऱ्याचे ओव्हरटाइमचे पैसे?"

"ते चिपमध्ये नाही गं बसत."

दिवाळीला ती आली होती. जाताना डबी मागून घेतली. वहिनीनं तोच रुमाल धुऊन दिला. लोहगावला विमानतळावर सामान तपासायच्या यंत्रातून पिशवी गेली, पडद्यावर चौकोनी तुकडे ठसठशीत दिसले असणार, कारण तिथल्या माणसानं पिशवी उघडायला लावली. तिनं त्याला सांगितलं, आजोबांचा बॅज आहे, आत फिल्म नाही.